तिचा एकच शब्द

माझ्या बायकोला पोहता येत नव्हतं, पण मुलीला ते आलंच पाहिजे असा तिचा हट्ट होता. मुलगी रांगत होती त्या वर्षी चेन्नईत पाणी चढलं. आमच्या तळमजल्याच्या घरात आधी चपला तरंगल्या, मग रिकामा गॅस सिलिंडर. मी गिंडीच्या कारखान्यात अडकून पडलो होतो. ती मुलीला खांद्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या जिन्यात बसून राहिली. पुढे आम्ही अण्णा नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तरी तिचं समाधान झालं नाही.

"घर वर गेलें. मुलगी तर खालीच चालणार ना," ती म्हणाली.

'गेलें' असंच म्हणायची, शेवटी नाकात हलका सूर ठेवून. ती तंजावूरकडच्या मराठी घरातली. तिच्या माणसांनी कित्येक पिढ्यांत महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण घरात मराठी टिकवली होती. जुनी, तमिळ हेल असलेली, मध्येच तमिळ शब्दांत पाय बुडवून येणारी. मी कराडचा, नोकरीसाठी इथे आलेला. आमची ओळख कारखान्यातच झाली. ती खरेदी विभागात होती, मी क्वालिटीत. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी आईशी फोनवर बोलत होतो. मी फोन ठेवल्यावर पलीकडच्या टेबलावरून ती म्हणाली, "तुम्ही मराठी बोलतां. आम्हीही बोलतों."

मला वाटलं ही थट्टा करतेय. एखाद्या बखरीतून उठून कुणी डबा खायला बसावं, तसं ते बोलणं होतं. तिनं डब्यातली डांगर पच्चडी, उडदाच्या पिठाचं दह्यातलं तोंडीलावणं, माझ्या पुढ्यात सरकवली आणि म्हणाली, "अस्का खावा." अस्का म्हणजे काय ते मला कळेना. शेवटी तिनं इंग्रजीत सांगितलं, "ऑल. सगळं." माझ्या मराठीतला एक शब्द मला इंग्रजीतून समजावून घ्यावा लागला, यावर आम्ही दोघं खूप हसलो होतो.

लग्नानंतरही ती मला 'तुम्ही' म्हणत राहिली. भांडणसुद्धा त्याच मराठीत व्हायचं, मला मध्येच हसू यायचं आणि तिचा राग दुप्पट व्हायचा. मुलगी बाहेर तमिळ आणि इंग्रजीत वाढली. मी अप्पा, ती अम्मा. पण अम्माशी हुज्जत घालायची असली की तीही अम्माच्याच मराठीवर यायची, कारण त्या मराठीत अम्माला हरवलं की खरं हरवल्यासारखं वाटायचं.

मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर बायकोनं तिला पोहण्याच्या वर्गात घातलं. दर शनिवारी सकाळी दोघी जायच्या. शनिवारी तिच्या विभागाला सुट्टी असायची, माझा मात्र चालू असायचा, त्यामुळे मी तो तलाव बरेच दिवस पाहिलेलाही नव्हता. मुलगी पाण्याला घाबरायची. शिकवणाऱ्या बाई तिला अर्ध्यापर्यंत न्यायच्या आणि ती कडेची दांडी पकडायची. बायको काठावरच्या बाकावर टॉवेल घेऊन बसायची आणि ओरडायची, "स्विम! किक अडि! स्विम, स्विम!" किक अडि म्हणजे पाय मार. घरी आल्यावर मुलगी तक्रार करायची की सगळ्या अम्मांमध्ये माझीच अम्मा सर्वांत मोठ्यानं ओरडते.

त्या शनिवारी काय झालं ते मला मुलीकडून आणि त्या बाईंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. मुलगी पाण्यात होती. अम्मा नेहमीसारखी ओरडत होती. मग तिचं ओरडणं बदललं. 'किक अडि' थांबलं, नुसतं "स्विम... स्विम..." येत राहिलं, जड, जीभ सुजल्यासारखं. मुलीला पाण्यात त्यातलं काही वेगळं जाणवलं नाही. तिला एवढंच कळलं की अम्मा थांबत नाहीये. म्हणून तीही थांबली नाही. दांडी न पकडता ती पहिल्यांदाच पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहली, भिंतीला हात लावला आणि अम्मानं पाहिलं का हे बघायला मागे वळली. अम्मा बाकावरून घसरून फरशीवर पडली होती आणि तिच्याभोवती माणसं जमली होती.

मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा मुलगी ओल्या पोहण्याच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती. शिकवणाऱ्या बाई तिच्याशेजारी होत्या. त्यांनी तमिळमध्ये मला काय काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही. मुलगी म्हणाली, "अप्पा, मी पूर्ण गेले." मी म्हणालो, "हो का, राजा." 

मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली होती. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा वाचला. जीव वाचला, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली. माझ्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. मी वाकून विचारलं, "पाणी हवंय?"

ती म्हणाली, "स्विम."

मला वाटलं तिला मुलीबद्दल विचारायचं आहे. मी म्हटलं, "ती बरी आहे, घरी आहे, आजी आलीये तिच्यापाशी." तिनं मान हलवली. पुन्हा म्हणाली, "स्विम. स्विम, स्विम." मग स्वतःचाच शब्द ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी विसरू शकत नाही. कुणी भलत्याच माणसाला आपल्या नावानं हाक मारून पुढे केलं तर जसं दचकायला होईल, तशी ती दचकली. तिनं तोंड मिटलं, नीट तयारी केली, ओठ जुळवले. पुन्हा तेच आलं.

हॉस्पिटलनं आम्हाला एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मध्यम वयाच्या, अतिशय शांत बाई. त्यांनी बायकोला घड्याळ दाखवलं, चमचा दाखवला, खिडकी दाखवली. घड्याळ स्विम, चमचा स्विम, खिडकी स्विम. मग मला बाहेर बोलावून त्या म्हणाल्या, "अशा आजारात काही माणसांकडे एकच शब्द उरतो. त्यांना कळतं बऱ्यापैकी. आतमध्ये वाक्यही तयार होत असेल. बाहेर येताना मात्र तेच एक येतं."

"पण हाच शब्द का?"

"काही जण म्हणतात, झटका आला त्या क्षणी तोंडावर जे असतं ते अडकून बसतं. नक्की कुणालाच माहीत नाही. तुम्ही त्या शब्दात अर्थ शोधू नका. शब्दाकडे नको, चेहऱ्याकडे बघा. सूर ऐका."

सूर ऐकायला आम्ही शिकलो. माझ्या सासूबाई तंजावूरहून एक पिशवी घेऊन आल्या होत्या, त्या राहिल्याच. सर्वांत आधी त्यांना जमलं. खाली पडत जाणारा 'स्विम' म्हणजे नको. वर चढणारा म्हणजे कोण आलंय? दोनदा पटपट म्हणजे मला बाथरूमला न्या. दात आवळून आलेला 'स्विम' म्हणजे माझ्यावरचा राग, आणि तो मी लग्न झाल्यापासून ओळखत होतो. एकदा मी सांबारात मीठ दोनदा घातलं. तिनं एक घास खाल्ला आणि असा काही लांबलचक 'स्वि-म' काढला की सासूबाई भांडी घासता घासता हसायला लागल्या. बायकोही हसली. अर्धाच चेहरा हसला, पण हसली.

नातेवाईक यायचे, त्यांना हे कळायचं नाही. एक काका खूप प्रेमानं म्हणाले, "हिला समुद्रावर न्या. तिचा जीव त्याच्यात अडकलाय." सासूबाईंनी त्यांना हात जोडले आणि कॉफी दिली.

या सगळ्यात मुलीकडे माझं लक्ष कमी पडलं. ती तलावावर जायची थांबली होती, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. तो तलाव मलाच पाहवला नसता. पण ती अम्माच्या खोलीतही कमी जायला लागली. गेली तरी दाराशी उभी राहायची. अम्मा तिला बघून आनंदानं म्हणायची, "स्विम!" आणि मुलीचे खांदे वर चढायचे, जसे कुणी मागून अंगावर पाणी टाकल्यावर चढतात. एकदा दुपारी ती गृहपाठ करत होती. अम्मा आतून हाक मारत होती, सारखी, त्या एका शब्दानं. मुलीनं वहीवर पेन टाकलं, दोन्ही कान दाबले आणि इंग्रजीत किंचाळली, "मी पोहले ना! मी पूर्ण पोहले! आता बस कर!"

आतला आवाज थांबला.

मी मुलीला जवळ घेतलं, पाणी दिलं. मग आत गेलो. बायको पलंगाच्या कडेला बसून होती. डावा हात तोंडावर ठेवलेला. मी म्हणालो, "लहान आहे ती. तिला कळत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळं समजलं होतं तिला. पाण्यातल्या पोरीला अजूनही काठावरून कुणी ओरडतंय, हे तिला माझ्याही आधी समजलं होतं.

त्यानंतर ती बोललीच नाही.

आधी आम्हाला वाटलं थकली असेल. मग वाटलं, आजार वाढला. डॉक्टरांनी तपासलं, नवीन काही नव्हतं. थेरपिस्टबाईंकडे नेलं तर त्यांनी घड्याळ पुढे धरलं आणि ती ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत राहिली. बाई मला म्हणाल्या, "येत नाही असं नाही. बोलायचं नाही असं ठरवलंय त्यांनी." मग त्यांनी विचारलं, "घरी काही झालं का?"

एवढ्या मोठ्या बोलक्या बाईकडे एक शब्द उरला होता, आणि पोरीला तो सोसत नाही म्हणून तिनं तोही ठेवून दिला. घरी येताना टॅक्सीत मी तिचा हात धरून बसलो होतो. ती रस्त्याकडे बघत होती. सिग्नलला एक मुलगा गजरे घेऊन आला, तिनं नेहमीसारखी मान वाकवली, मी गजरा घेतला, तिच्या केसांत माझ्या हातानं तो नीट बसेना. एरवी तिनं मला चार शब्द सुनावले असते. 

पुढचे काही आठवडे घरात नुसता पंख्याचा आवाज होता. सासूबाई तिच्याशी बोलत राहायच्या, उत्तर मिळालंच आहे असं धरून. मी मात्र थेरपिस्टबाईंनी जे करू नका सांगितलं होतं तेच करायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर तो शब्द शोधायचो. मी काही भाषेचा माणूस नाही. मला मापं कळतात, दोष कळतात. एखादा भाग तुटला तर तो कशाचा बनला होता ते बघायचं, एवढीच माझी विद्या. मला वाटलं, शब्दाचंही तसंच बघावं.

जुन्या इंग्रजीत तो 'स्विम्मन' होता. जर्मनमध्ये, डचमध्ये त्याची भावंडं आहेत. त्यांच्याही मागे गेलं तर पंडित लोक एक मूळ सांगतात, त्याचा अर्थ नुसता 'हालणं, चालत राहणं' असा असावा. पाणी त्यात नंतर आलं असेल. पण त्याबद्दलही त्यांची खात्री नाही, कारण त्या एका भाषाकुळाबाहेर त्या मुळाचे नातेवाईक फारसे सापडत नाहीत. आपल्या 'तरणे'चं मूळ वेगळं, ओलांडण्याचं. तारू आणि तीर्थ त्याच घरातले. 'स्विम'चा त्यांच्याशी काही संबंध नाही, हे वाचून मला उगाचच वाईट वाटलं. मला बहुधा ती माझ्या भाषेत कुठूनतरी सापडायला हवी होती.

मग पुढचे अर्थ वाचले. आपण पोहणं वेगळं म्हणतो आणि तरंगणं वेगळं. त्या शब्दात पूर्वी दोन्ही होतं. हातपाय मारणारा माणूसही 'स्विम' करायचा आणि लाटेवर नुसतं पडून राहिलेलं लाकूडही. रश्शावर तेलाचा तवंग 'स्विम' करतो. डोळे आसवांत 'स्विम' करतात. गाळ खाली बसल्यावर वर जे नितळ पाणी राहतं, त्यालाही एके काळी 'स्विम' म्हणायचे. आणि डोकं गरगरतं, समोरचं सगळं फिरायला लागतं, तेव्हा डोकं 'स्विम' करतं. जुन्या इंग्रजीत घेरीसाठी आणखी एक शब्द होता, ऐकायला जवळजवळ तसाच, 'स्वीमा'. तो वेगळ्या मुळाचा असावा असं म्हणतात, पण दोन्ही शब्द इतके जवळ जवळ राहिले की नंतरच्या लोकांना त्यांतला फरक उरला नसेल.

मी त्या ओळीपाशी थांबलो. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून उठलो, काम केलं, परत येऊन पुन्हा तीच ओळ वाचली. माझी बायको नन्सच्या शाळेत शिकली होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. त्या सकाळी बाकावर बसून ती मुलीला ओरडत नसेल तर? 'किक अडि' थांबल्यावर ती स्वतःबद्दल सांगत असेल तर, की डोकं गरगरतंय, कुणीतरी या?

त्या संध्याकाळी मी तिच्यापुढे खुर्ची ओढून बसलो. विचारलं, "त्या दिवशी तुला चक्कर येत होती का? तू तेच सांगत होतीस का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खांदा उडवला, डावा, चालणारा. हो की नाही की आठवत नाही की आता काय त्याचं, यांतलं काहीही असू शकेल. थेरपिस्टबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "असेलही. नसेलही. त्यांनाही ते माहीत असेलच असं नाही."

तरी रविवारी सकाळी मी मुलीला बाल्कनीत बोलावलं. खाली दूधवाल्याची गाडी उभी होती. मी तिला जमेल तसं सगळं सांगितलं. लाकडाचं, तेलाच्या तवंगाचं, नितळ पाण्याचं, डोकं गरगरण्याचं. ती तमिळमधून मला प्रश्न विचारत होती आणि मी मराठीतून उत्तरं देत होतो, आमचं असंच चालायचं.

"म्हणजे अम्मा मला 'पोह' म्हणत नव्हती?"

"आधी म्हणत होती. शेवटी काय म्हणत होती ते कुणालाच माहीत नाही."

"अप्पा, खरं सांगा. तुम्ही हे माझ्यासाठी बनवलंत?"

"अर्थ बनवले नाहीत. पुस्तकात आहेत, तुला दाखवतो. अम्माच्या मनात काय होतं ते मात्र मला माहीत नाही. बनवून सांगितलं असतं तर 'माहीत आहे' म्हणालो असतो."

ती कठड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मी वळले तेव्हा ती पडलेली होती. मी अजून हळू पोहले असते तर ती पडली नसती का?"

इतके दिवस हे ती एकटी घेऊन फिरत होती. मी खाली बसलो, तिच्या उंचीला येऊन. सांगितलं की रक्तवाहिनीला पोहण्याचं काही कळत नाही. ते तसंही झालं असतं, स्वयंपाकघरात, बसमध्ये, कुठेही. "आणि अम्मा आता 'स्विम' म्हणते ना, तेव्हा तुला पोहायला सांगत नाही. तिला 'ये' म्हणायचं असतं. 'जेवलीस का' म्हणायचं असतं. तुझं नाव घ्यायचं असतं. तिच्याकडे तुझं नावसुद्धा उरलेलं नाही गं."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, मला अजून कळत नाही. ती रडली नाही. वळली आणि आत गेली. मी मागोमाग जाऊन दाराशी उभा राहिलो. सासूबाई बायकोचे केस विंचरत होत्या. मुलगी पलंगावर चढली आणि म्हणाली, "अम्मा, बोल."

अम्मानं मान हलवली.

"बोल ना गे अम्मा. मी कान झांकणार नाही."

पुन्हा नकार. डाव्या हातानं तिनं मुलीचा गाल चोळला. ओठ मिटलेलेच. सासूबाईंचा फणीचा हात थांबला होता. मग मुलीनंच अम्माच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "स्विम?" शेवट वर चढवून. कोण आलंय, तसा.

बायको त्या दिवशीही बोलली नाही. पण मुलीनं सोडलं नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आत जायची आणि त्याच एका शब्दात दिवसभराचं सांगायची. बाई रागावल्या तो स्विम, डबा सांडला तो स्विम, मैत्रीण बोलत नाही तो मोठा सुस्कारलेला स्विम. बायको ऐकायची, बघत राहायची. मग एक दिवस मुलीनं काहीतरी भलतंच लांबवलं आणि आतून दोघींचं हसणं ऐकू आलं, त्यात एक जाडसर, विसरल्यासारखा आवाज. सासूबाई स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आल्या. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान डोलावली आणि परत आत जाऊन नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

त्यानंतरचे काही महिने आमच्या घरात आवाज होता. ते सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. तिला एका हातानं साडीच्या निऱ्या जमायच्या नाहीत आणि ती भिंतीवर डोकं आपटायची. कधी तिला खरंच काहीतरी सांगायचं असायचं, मोठं, बारकाव्यांचं, आणि ती अर्धा-अर्धा तास तो एक शब्द वेगवेगळ्या उंचीवर फेकत राहायची, आम्ही तिघं अंदाज करत राहायचो, आणि शेवटी ती हात झटकून भिंतीकडे तोंड करून झोपायची. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. अशा कितीतरी गोष्टी राहून गेल्या. मला कधी कधी वाटतं, त्यांतली एखादी माझ्याबद्दल असेल.

तिची मराठी मला फार आठवायची. ती समोर बसलेली असायची आणि मला तिची आठवण यायची. हे कुणाला सांगावं ते कळत नसे. एकदा सासूबाईंना म्हणालो. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "मलाही येते हो आठवण. मी तिला अस्का बोलायला शिकवलें होतें. पहिला शब्द, दुसरा शब्द, अस्का. आतां परत शिकवूं म्हणतें तर माझेंच वय झालें."

ती गेली ती दुपारी. जेवली होती, दहीभात अर्धा ठेवला होता. सासूबाईंनी तिला आडवं केलं आणि उशी सारखी करायला वाकल्या तेव्हा तिचा श्वास वेगळा लागला. मी घरीच होतो, तापामुळे रजा घेतली होती. रुग्णवाहिका लवकर आली. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मुलीला शाळेतून आणायला मीच गेलो. गेटपाशी मला पाहिल्याबरोबर तिला कळलं. मी कधी त्या वेळेला येत नसे. रिक्षात ती माझ्या दंडाला टेकून बसली. मग तिनं विचारलं, "काही म्हणाली?"

"नाही."

"सकाळी म्हणाली होती. मी जाताना. मी उत्तर दिलं होतं," ती म्हणाली, आणि मी ते मान्य करावं म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

"हो. मी ऐकलं होतं," मी म्हणालो. खरंच ऐकलं होतं.

दिवसकार्यं झाली. माझा भाऊ कराडहून आला होता, म्हणाला, चल आता परत, इथे तुझं काय उरलंय? मी मुलीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्याला चहा करून दिला. आम्ही राहिलो. मी कामावर जायला लागलो. खरेदी विभागात तिच्या जागी बसणारी मुलगी तिला ओळखतही नव्हती. मला उगाच तिचा राग यायचा.

हॉस्पिटलला न्यायला घेतलेली व्हीलचेअर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पडून होती. परवा कुणीतरी ती मागायला आलं. थेरपिस्टबाईंनीच पाठवलं होतं. माझ्याच वयाचा माणूस, खाली रिक्षात त्याचे वडील बसलेले. मी खुर्ची खाली नेली, घडी कशी करायची ते दाखवलं, डावा ब्रेक अडकतो तेही सांगितलं. म्हातारे रिक्षातून बघत होते. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, हात मांडीवर पडलेला. मुलानं खुर्चीवरून हात फिरवला आणि तमिळमध्ये विचारलं, "अम्मा आता बऱ्या झाल्या का?" बाईंनी त्याला बाकीचं सांगितलं नसावं.

मी बोलायला तोंड उघडलं. म्हातारे माझ्याकडेच बघत होते, अगदी एकटक, जणू उत्तर त्यांच्यासाठी होतं.

"आमा," मी म्हणालो. हो.

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मुलानं माझे हात हातात घेतले, पुन्हा पुन्हा आभार मानले. खुर्ची मागे बांधून रिक्षा वळली आणि मुख्य रस्त्याला लागली. मी जिना चढून वर आलो. मुलगी कोपऱ्यातल्या फरशीवर बसून होती, जिथे चाकांचे दोन काळे पट्टे राहिले होते.

"नेली?"

"नेली."

"हे पट्टे जातात का पुसून?"

"जातील," मी म्हणालो, "पण आज नको."